डोळ्याचा झटका आणि रिपोर्टमधले आकडे

एका डोळ्याने दिसणे काही सेकंदांत बंद होते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणीही येत नाही. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे माणूस चालतो, बोलतो, टीव्हीसुद्धा पाहतो. काहींना तर चेहरा पुसताना चांगला डोळा झाकला गेला, की मगच कळते की दुसऱ्या डोळ्यापुढे अंधार आहे. मग घरात चर्चा होते. मोतीबिंदू असेल, नंबर वाढला असेल, रात्री झोप नीट झाली नसेल. घरात असलेले कुठले तरी थेंब डोळ्यात घातले जातात आणि ‘उद्या सकाळी दाखवू’ असे ठरते. त्या ‘उद्या सकाळी’पर्यंत बहुतेक वेळा डोळा गेलेला असतो.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, रक्त पुरवणारी मुख्य धमनी बंद पडली की असे होते. आजार विरळ आहे. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दर वर्षी लाखात साधारण एक ते दोन माणसांना तो होतो. पण ज्याला होतो त्याची त्या डोळ्याची दृष्टी बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणूनच तो आधी ओळखता येईल का, हा प्रश्न संशोधकांना खुणावतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयावर एका विशिष्ट साच्याचे अभ्यास मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले आहेत. अशा रुग्णांच्या साध्या रक्ततपासणीतील अमुक आकडा निरोगी लोकांपेक्षा जास्त आढळला, सबब हा आकडा ‘धोक्याचा निदर्शक’ ठरू शकेल, असा त्यांचा निष्कर्ष असतो. तिथून त्याची बातमी होते, बातमीचा व्हॉट्सॲप संदेश होतो आणि पुढे तपासणीच्या पॅकेजमध्ये आणखी एक ओळ वाढते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या आकड्यांचा अभ्यास जरूर व्हावा, पण त्यांच्या भरवशावर डोळ्याचे भविष्य सांगण्याचा व्यवहार चुकीचा आहे. रक्ततपासणीचा या आजारात खरा आणि मोठा उपयोग आहे, पण तो झटका आल्यानंतर. आधी काय तपासायचे, ते बहुतांशी रक्ताच्या बाटलीबाहेर आहे.

हा मेंदूचाच आजार

हृदयातून निघालेले रक्त मानेतल्या कॅरोटिड धमनीतून मेंदूकडे जाते. याच धमनीची एक फांदी डोळ्याकडे वळते. त्या फांदीची एक अगदी बारीक उपफांदी डोळ्याच्या नसेत शिरते आणि पडद्यावर पसरते. म्हणजे मेंदू आणि डोळ्याचा पडदा यांना पाणी एकाच मुख्य जलवाहिनीवरून येते. गर्भावस्थेत दृष्टिपटल तयार होते तेही मेंदूच्याच भागातून. त्यामुळे ही धमनी बंद पडणे म्हणजे केवळ ‘डोळ्याची तक्रार’ नव्हे. तो स्ट्रोकच आहे, फक्त तो डोळ्यात झाला आहे.

हे ज्ञान नवे नाही. डोळ्याच्या आत पाहता येईल असे उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये तयार केले. त्यानंतर आठच वर्षांनी, १८५९ मध्ये, बर्लिनचे नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफ यांनी या आजाराचे पहिले वर्णन लिहिले. त्यांच्या रुग्णाच्या हृदयाच्या आतील आवरणाला संसर्ग झाला होता आणि तिथून सुटलेला कण डोळ्याच्या धमनीत जाऊन अडकला होता. १९६१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांत चमकणारे पिवळट कण दाखवले. मानेच्या धमनीतील चरबीच्या थरातून सुटून आलेले ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. कचरा वरून वाहत येतो आणि सर्वांत अरुंद नळीत अडकतो, हे तेव्हापासून माहीत आहे.

वेळेचा हिशेबही बराच स्पष्ट आहे. मूळचे पंजाबचे आणि पुढे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेले सोहनसिंग हायरे यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत ही धमनी ठरावीक वेळ बंद ठेवली. सुमारे ९७ मिनिटांपर्यंत पडदा सावरला. चार तासांनंतर मात्र झालेली हानी मोठी होती आणि ती भरून निघणारी नव्हती. माणसाचा डोळा प्रयोगशाळेच्या घड्याळावर चालत नाही. कुणाची नळी पूर्ण बंद होते, कुणाची अर्धवट. काही जणांमध्ये पडद्याच्या मध्यभागाला रक्त देणारी एक वेगळी छोटी धमनी जन्मतःच असते आणि तीच मधली दृष्टी वाचवते. तरीही हिशेब तासांचाच आहे, दिवसांचा नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये या विषयावर स्वतंत्र निवेदन काढले. त्यात या आजाराला स्ट्रोकचाच प्रकार मानले असून रुग्णाला तातडीने स्ट्रोकवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात पाठवावे, असे म्हटले आहे.

आकडा येतो कुठून?

आता त्या बहुचर्चित आकड्यांकडे वळू. रक्तपेशी यंत्राने मोजण्याची युक्ती अमेरिकेचे वॉलेस कोल्टर यांची. तिचे पेटंट १९५३ मध्ये मिळाले. बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. असे अडथळे मोजले की पेशींची संख्या कळते आणि अडथळा केवढा, यावरून पेशीचा आकारही. आज तालुक्याच्या गावातही काही मिनिटांत होणारी सीबीसी तपासणी याच तत्त्वावर उभी आहे.

या तपासणीतून काही गुणोत्तरे काढता येतात. त्यांत सर्वाधिक गाजलेले एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे प्रमाण. रिपोर्टवर न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के असतील, तर एनएलआर २. निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो. कोविडच्या काळात हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला. याशिवाय प्लेटलेट आणि लिम्फोसाइट यांचे प्रमाण, प्लेटलेटचा सरासरी आकार, लाल पेशींच्या आकारातील विषमता असे आणखी काही आकडे आहेत. यंत्र ते आपोआप छापते, वेगळा पैसा पडत नाही. संशोधकाला जुन्या फाइली उघडून अभ्यास करता येतो. अशा अभ्यासांची संख्या एवढी का वाढली, याचे एक कारण हेच आहे.

या अभ्यासांमागचा विचार मात्र पोकळ नाही. धमनीत चरबी साचणे ही नळीत गाळ साचण्यासारखी निर्जीव क्रिया नसून तिच्यात शरीराच्या दाहाचा मोठा वाटा असतो, हे आता सर्वमान्य आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कँटोस’ चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण असलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर दाह कमी करणारे औषध वापरले गेले. कोलेस्टेरॉल न घटवता, केवळ दाह घटवून पुढचे झटके काही प्रमाणात कमी करता आले. त्याची किंमतही मोजावी लागली, कारण जीवघेणे संसर्ग थोडे वाढले. तरी मुद्दा सिद्ध झाला. दाह हा निव्वळ प्रेक्षक नाही.

मग हरकत काय आहे? हरकत पुढच्या उडीला आहे. दाह महत्त्वाचा, दाहात एनएलआर वाढतो, म्हणून वाढलेला एनएलआर म्हणजे डोळ्याची धमनी धोक्यात, ही उडी टिकत नाही.

चार अडचणी

पहिली अडचण काळाची. यातल्या बहुतेक अभ्यासांत रुग्णाचे रक्त झटका आल्यानंतर घेतलेले असते. अचानक एका डोळ्याने दिसेनासे झालेला माणूस घाबरलेला असतो. त्याच्या शरीरात कॉर्टिसोलसारखी ताणाची संप्रेरके उसळतात. त्यांच्यामुळे काही तासांतच न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. म्हणजे एनएलआर चढतो. हा चढ आजाराच्या आधीचा की नंतरचा, हे अशा रक्तावरून कसे ठरणार? घर पेटल्यावर जमलेल्या गर्दीला आगीचे कारण म्हणण्यासारखे हे आहे.

दुसरी अडचण सोबत्यांची. धूम्रपानाने पांढऱ्या पेशी वाढतात. मधुमेह आणि लठ्ठपणातही हलका दाह असतो. हेच घटक धमन्याही खराब करतात. आकडा वाढलेला दिसला तरी तो स्वतंत्रपणे काही नवे सांगतो, की ‘या माणसाला मधुमेह आहे आणि तो बिडी ओढतो’ एवढेच सांगतो, हे वेगळे काढणे छोट्या अभ्यासांना कठीण जाते. शिवाय दाढ सुजली, छातीत कफ झाला, दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, तरी हाच आकडा वाढतो.

तिसरी अडचण नळीची, पण डोळ्यातल्या नव्हे, लॅबमधल्या. सीबीसीसाठी रक्त ज्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात, तिच्यात गोठण्याला रोखणारे रसायन असते. त्यात पडून राहिलेल्या प्लेटलेट हळूहळू फुगतात. म्हणजे गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेले रक्त दुपारी शहरातल्या लॅबमध्ये पोहोचले, तर प्लेटलेटचा सरासरी आकार तेवढ्यानेच थोडा मोठा दिसू शकतो. अशा आकड्याच्या दशांशावरून कुणी आपल्या डोळ्याचे भाकीत करावे, हे पटण्यासारखे नाही.

चौथी अडचण सर्वांत मोठी, आणि ती साध्या अंकगणिताची आहे. समजा, उद्या एक चांगली चाचणी निघाली. आजार होणार असलेल्या १०० पैकी ८० जणांना ती अचूक ओळखते आणि न होणाऱ्या १०० पैकी ८० जणांना अचूक ‘नाही’ म्हणते. ऐकायला उत्तम. आता दहा लाख लोकांची ही तपासणी करा. आजाराचे प्रमाण वर्षाला लाखात एक धरले, तर या दहा लाखांत दहा रुग्ण निघणार. त्यांतले आठ चाचणी पकडेल. पण त्याच वेळी ज्यांना काहीही होणार नाही अशा सुमारे दोन लाख लोकांनाही ती ‘धोका आहे’ असे सांगेल. म्हणजे घाबरवलेल्या दर २५ हजार माणसांमागे एकाला त्या वर्षात खरोखर आजार होईल. उरलेल्या दोन रुग्णांना ‘तुमचा आकडा अगदी नॉर्मल आहे’ असे सांगून घरी पाठवलेले असेल. विरळ आजारात चांगली चाचणीसुद्धा अशी फसते. एनएलआर तर या कल्पित चाचणीइतका चांगला असल्याचेही कुणी सिद्ध केलेले नाही.

‘पण स्वस्तच आहे, केले तर बिघडले काय?’ हा प्रश्न नेहमी येतो. बिघडते ते दोन्ही बाजूंनी. आकडा वाढलेला निघाला की पुढच्या तपासण्यांची साखळी आणि महिनोन्‌महिने चिंता. आकडा नॉर्मल निघाला की खोटा दिलासा. रक्तदाब १७० असलेला माणूस ‘माझा एनएलआर चांगला आहे’ म्हणून गोळी टाळू लागला, तर त्याचे नुकसान त्या स्वस्त आकड्यानेच केले.

पुण्यातला धडा

निदर्शक आणि कारण यांत केवढे अंतर असते, याचे एक उदाहरण आपल्याच घरचे आहे. होमोसिस्टीन हे रक्तातले एक अमिनो आम्ल. ते वाढलेल्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्या बंद पडणे जास्त आढळते, असे अनेक अभ्यास सांगत आले. ब-१२ जीवनसत्त्व कमी असले की होमोसिस्टीन वाढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त आढळले होते. शाकाहाराचे प्रमाण मोठे असलेल्या समाजासाठी ही महत्त्वाची नोंद होती.

मग साहजिकच वाटले, की जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवले की झटके टळतील. त्याच वर्षी ‘होप-२’ आणि ‘नॉर्व्हिट’ या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. ‘होप-२’मध्ये पक्षाघात थोडे कमी दिसले, एकूण चित्र मात्र बदलले नाही. यावरून ब-१२ निरुपयोगी ठरत नाही. त्याच्या कमतरतेने पंडुरोग होतो, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि ती कमतरता भरून काढायलाच हवी. पण रिपोर्टमधला आकडा सुधारला म्हणजे धमनी सुधारली, असे नसते. निम्म्याहून अधिक लोकांत ‘वाढलेला’ असणारा आकडा विरळ आजाराची पूर्वसूचना देऊ शकत नाही, हे तर उघडच आहे.

रक्ततपासणी कुठे डोळा वाचवते?

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर अन्याय होईल. डोळ्याची धमनी बंद झाल्यावर काही रक्ततपासण्या तातडीने व्हायलाच हव्यात आणि त्यातल्या दोन अगदी जुन्या, साध्या आहेत.

पन्नाशीपुढच्या माणसांत धमन्यांच्या भिंतीला सूज येण्याचा एक आजार होतो. कानशिलाजवळ दुखणे, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळणे, चावताना जबडा भरून येणे, बारीक ताप, वजन उतरणे ही त्याची लक्षणे. या सुजेने डोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि उपचार न केल्यास काही दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार जास्त, आपल्याकडे कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. इथे ईएसआर आणि सीआरपी या दोन तपासण्या निर्णायक ठरतात. सीबीसीतल्या प्लेटलेट वाढलेल्या असतील तर संशय आणखी बळावतो. संशय पक्का वाटला तर डॉक्टर बायोप्सीची वाट न पाहता मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू करतात. गेलेला डोळा सहसा परत येत नाही, पण दुसरा वाचतो. एका साध्या आकड्याने माणसाला पूर्ण अंधत्वापासून वाचवावे, यापेक्षा रक्ततपासणीचे मोठे यश कोणते?

इथेही आकडा वाचावा लागतो. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, त्याचे माप. वयानुसार तो वाढतो. ढोबळ नियम असा, की पुरुषांत वयाच्या निम्म्यापर्यंत आणि स्त्रियांत वयात दहा मिळवून आलेल्या संख्येच्या निम्म्यापर्यंत तो चालतो. म्हणजे ७० वर्षांच्या आजींचा ४० पर्यंत. हिमोग्लोबिन कमी असले तरी ईएसआर चढतो, आणि आपल्याकडे ते कितीतरी जणींचे कमी असते. म्हणून सोबत सीआरपी हवा. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेले हे प्रथिन यकृतात बनते आणि शरीरात कुठेही दाह भडकला की काही तासांत वाढते. ते कुठे भडकले आहे हे सांगत नाही. ते काम डॉक्टरच्या प्रश्नांचे आणि हाताचे.

तरुण रुग्णांत शोध वेगळ्या दिशेने जातो. रक्त लवकर गोठवणारी प्रतिपिंडे आहेत का, हे पाहावे लागते. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रीच्या बाबतीत तर विशेषच. लाल पेशी फार वाढून रक्त दाट झाले आहे का, हे सीबीसी सांगते. विदर्भातील आणि नंदुरबारकडच्या रुग्णांत सिकलसेलची तपासणी विसरून चालत नाही, कारण विळ्याच्या आकाराच्या पेशी डोळ्यातल्या बारीक वाहिन्याही तुंबवतात. साखर आणि चरबीची तपासणी तर सगळ्यांचीच होते.

फरक लक्षात घ्यावा. या सगळ्या तपासण्या एका ठरावीक माणसाला, ठरावीक प्रसंगी, ठरावीक प्रश्न विचारतात. ‘हे का झाले आणि आता काय वाचवायचे?’ पॅकेजमधल्या आकड्यामागे असा प्रश्नच नसतो.

आधीची तपासणी कोणती?

झटक्याच्या आधी काय करावे, याचे उत्तर चकचकीत नाही, म्हणून ते कुणी जाहिरातीत छापत नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजावा. साखर पाहावी. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर औषध नेमाने घ्यावे. बिडी-सिगारेट बंद करावी. मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहावी. ठोके अनियमित, वेडेवाकडे लागत असतील तर ईसीजी काढावा, कारण हृदयाच्या अशा बेताल ठोक्यांमुळे आत गुठळ्या धरतात आणि त्या वर जातात. लहानपणी सांधेतापातून झडपेचा आजार झालेल्यांनी आपली तपासणी चुकवू नये.

एक पूर्वसूचना मात्र कुठल्याही लॅबपेक्षा विश्वासार्ह आहे. एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखा अंधार येतो आणि काही मिनिटांत सगळे पूर्ववत होते. ‘बरे झाले, गेले’ म्हणून माणूस विसरतो. ही कॅरोटिड धमनीतून सुटलेल्या कणाची सलामी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठून मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी आणि हृदयाची तपासणी करून घेतली, तर डोळाच नव्हे, मेंदूही वाचू शकतो.

उपचार नाही, मग घाई कशाला?

इथे एक प्रामाणिक अडचण मांडायला हवी. ही धमनी पुन्हा उघडण्याचा खात्रीचा उपाय आज नाही. डोळा चोळणे, डोळ्यातले थोडे पाणी काढून दाब कमी करणे हे जुने उपाय उपयोगी असल्याचे सिद्ध झालेले नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ‘ईगल’ चाचणीत नळी घालून थेट धमनीत गुठळी विरघळवणारे औषध सोडले गेले. दृष्टीत जास्तीचा फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. पण त्या चाचणीत झटका आल्यापासून २० तासांपर्यंतचे रुग्ण घेतले होते. चार तासांत मरणाऱ्या पडद्यासाठी तो फार उशीर होता.

मग धावपळ कशासाठी? तीन कारणांसाठी. गुठळी विरघळवण्याचा विचार करायचा तर तो पहिल्या काही तासांतच करता येतो, नंतर तो पर्यायही उरत नाही. दुसरे, डोळ्याच्या झटक्यानंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडे मेंदूच्या पक्षाघाताचा धोका सर्वाधिक असतो, आणि तो टाळण्याचे उपचार आपल्याकडे आहेत. तिसरे, सुजलेल्या धमनीचा आजार असेल तर दुसरा डोळा पणाला लागलेला असतो.

आपली व्यवस्था नेमकी इथे कमी पडते. पक्षाघाताच्या आपल्या फलकांवर तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे अशी तीन लक्षणे असतात. डोळा नसतो. इंग्रजीतल्या नव्या सूत्रांत तो आला आहे, मराठी फलकांवरही यावा. चष्म्याच्या दुकानदारांना आणि गल्लीतल्या डॉक्टरांना हे एक लक्षण शिकवले, तर कितीतरी तास वाचतील, कारण असा रुग्ण आधी त्यांच्याकडेच जातो. नेत्ररुग्णालयांनीही निदान झाल्यावर तपासण्यांची यादी हातात देऊन ‘आठवड्याने या’ म्हणू नये. जवळच्या स्ट्रोक केंद्राशी आधीच बोलून ठेवावे आणि रुग्ण त्याच तासाला तिकडे पाठवावा. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवे संशोधनही लागत नाही.

घरच्यांसाठी शेवटचे. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले, तर एकेक डोळा झाकून खात्री करा. शेवटचे नीट किती वाजता दिसत होते, ते कागदावर लिहा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा किंवा स्ट्रोकवर उपचार होणारे जवळचे रुग्णालय गाठा. तिथे ‘डोळ्याला काही तरी झाले आहे’ असे सांगू नका, नाही तर नेत्रविभागाच्या रांगेत बसवतील. ‘अमुक वाजल्यापासून एका डोळ्याने अचानक दिसत नाही, स्ट्रोक आहे का पाहा’ असे सांगा.